डाव्या चाकोरीतला दगड

लटारी, तुला जाऊन आज चोवीस दिवस झाले. मी रोज स्टुडिओ उघडतो, पडदा झटकतो, स्टुलावरची धूळ पुसतो, आणि साडेदहा वाजले की समोरच्या चहावाल्याला सवयीने दोन बोटं दाखवतो. तो बिचारा दोन कप ठेवून जातो. परवा तुझाही चहा मीच प्यायलो, तुझ्यासारखा बशीत ओतून, फुर्र आवाज करून. आठ वर्षं त्या आवाजावरून मी तुला टोमणे मारत आलो होतो.

तुझ्या जंगलखात्यातल्या लोकांनी शोकसभेसाठी माझ्याकडून कागद लिहून नेला. जन्म कुठला, नोकरी किती, मागे कोण कोण. ते सगळं तिथे आहे. हा कागद निराळा. तुला एक गोष्ट सांगायची माघ महिन्यापासून माझ्या घशात अडकली आहे. त्या नाल्यावर तू मला एका शब्दाचा प्रश्न विचारला होतास आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोललो. पुढे चहाच्या वेळी कधीतरी सांगून टाकता आलं असतं. तू 'बह्याड' म्हणून एक शिवी हासडली असतीस आणि विषय संपला असता. पण तू गेलास तो त्याच नाल्यात.

तुला आठवतं, आपली ओळख कशी झाली? तुझ्या खात्यातल्या साहेबांच्या घरचे फोटो न्यायला तू आलास, आणि ते सुकलेले नाहीत म्हटल्यावर दाराशीच उकिडवा बसलास. मी म्हटलं, खुर्चीवर बस, बसल्या बसल्या तुझाही फोटो काढतो. तू म्हणालास, "घाई काय हाय? मी कुठी पळून चाललो?" आठ वर्षांत किमान शंभर वेळा मी म्हटलं असेल, आणि शंभर वेळा तू हेच उत्तर दिलंस. फोटोवाल्याचा जिवलग दोस्त आणि त्याचा धड एक फोटो नाही. गावात सांगितलं तर लोक मला हसतील.

माघात साहेबांनी मला काम दिलं. चांद्याहून सिरोंच्यापर्यंतच्या रस्त्यावरची प्रेक्षणीय ठिकाणं, बारा फोटो, मोठे करून विश्रामगृहाच्या भिंतींवर लावायचे. जीप खात्याची, ड्रायव्हर तू. मी फोटो उतरवायच्या बारा काचा कापसात गुंडाळून पेटीत ठेवल्या आणि पेटी मांडीवर घेऊन बसलो. तू म्हणालास, नवी नवरी घेऊन चाललो असतो तरी इतक्या जपून कोणी बसवली नसती. मी चिडलो. मी त्या चार दिवसांत किती वेळा चिडलो याचा हिशेब लावायला बसलो, तर प्रवासातलं दुसरं काही आठवायलाच उरत नाही.

आष्टीला वैनगंगा ओलांडताना दोन डोंगे एकमेकांना बांधून, वर फळ्या टाकून जीप चढवली. मला नावेवरच्या रिकाम्या जीपचा फोटो हवा होता. तू उतरायला तयार नव्हतास. सबंध नदी पार होईपर्यंत ब्रेकवर पाय दाबून बसून राहिलास आणि मला सांगत राहिलास, नदी कुठे जात नाही, जीप जाऊ शकते. मग आलापल्लीचे साग. तिथे मात्र मीच तुला बोलावलं. झाडाशेजारी माणूस उभा असल्याशिवाय त्याची उंची कळत नाही. तू टोपी नीट केलीस, हात दोन्ही बाजूंना सोडलेस आणि पायांत थोडं अंतर ठेवून उभा राहिलास. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कपड्यात डोकं घातलं तेव्हा तू उलटा, करंगळीएवढा दिसत होतास. मला झाड हवं होतं. तुझ्याकडे मी मापाची काठी म्हणूनच पाहिलं.

आलापल्लीच्या पुढे जंगल दाट झालं आणि तुझं ते थांबणं सुरू झालं. रस्त्याच्या कडेला कमरेएवढी दगडांची रास, वर वाळलेल्या फांद्या. तू जीप थांबवलीस, उतरलास, इकडेतिकडे पाहून एक दगड शोधलास, राशीवर ठेवलास आणि परत आलास. मी विचारल्यावर सांगितलंस की इथे कोणाला तरी वाघाने नेलं आहे, आणि वाघाने नेलेल्याच्या जागेवरून जाणारा प्रत्येक जण एक दगड नाहीतर एक फांदी टाकून जातो. पहिल्या वेळी मला ते बरंच वाटलं. दुसऱ्या राशीशी थांबलास तेव्हा मी घड्याळ पाहिलं. तिसऱ्या वेळी माझा तोल गेला. वळणावरून समोरच्या डोंगरांच्या सात निळ्या ओळी दिसत होत्या, धुकं उठत होतं, आणि मला तिथे वेळेवर पोचायचं होतं. तू थांबलास आणि धुकं निघून गेलं.

"अजून किती वेळा थांबतं?" मी विचारलं.

"जितके नेले तितके."

"हा कोन होता, मालूम तरी हाय तुले?"

"नाई."

"मंग काऊन थांबून राह्यला?"

तू गिअर टाकलास आणि रस्त्याकडे पाहत म्हणालास, "वळखीच्यासाठी तं कोनीबी थांबते."

मी यावर गप्प बसायला हवं होतं. पण मी गप्प बसणाऱ्यातला असतो तर आपली दोस्ती आठ वर्षं टिकली नसती. मी म्हटलं, मेलेल्याच्या डोक्यावर दगड टाकून काय होतं ते सांग. तू म्हणालास, काही होत नाही. एवढंच बोलून तू गाणं गुणगुणायला लागलास. तुझ्याशी भांडण्यात हीच पंचाईत होती. तू मध्येच समोरच्याचं म्हणणं मान्य करून टाकायचास आणि तरी हरलेला मीच असायचो.

मग रेपनपल्लीच्या पुढचा तो नाला. माघातही त्यात घोटाभर पाणी होतं आणि चढावर काळा, चिकट चिखल. जीपची मागची चाकं चाकोऱ्यांत रुतली. तू दोनतीनदा प्रयत्न केलास, मग इंजिन बंद करून म्हणालास की मागच्या वस्तीवरून दोन माणसं आणि चाकाखाली घालायला बांबूचा ताटवा घेऊन येतो, तू बस. तू गेलास आणि मी घड्याळ पाहत बसलो. सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते, तिथे मावळतीचा फोटो मला हवा होता. शेवटची काच त्याच्यासाठी राखली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच जीप परत न्यायचा हुकूम होता. म्हणजे त्या संध्याकाळी पोचलो तर पोचलो.

चढाच्या बाजूला एक रास होती. मी तिच्याकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला दगड दिसले, एवढंच. चाकाखाली घालायला हवेत तसे. शपथेवर सांगतो, दहावीस दगड उचलून होईपर्यंत ती कोणाची रास आहे हा विचारही मनाला शिवला नाही. आणि शिवला तेव्हा मी उचलत राहिलो. सगळ्यात वरचा एक चपटा, पाटाएवढा होता, त्याच्या एका अंगाला शेंदूर. तो मी शेंदूर खाली करून डाव्या चाकोरीत घातला.

तू माणसं घेऊन आलास. त्यांनी मागून जोर लावला, तू गाडी चालू केलीस आणि जीप एका दमात वर आली. मी खुशीत होतो. तू खाली उतरलास, चाकोऱ्यांकडे पाहिलंस, मग अर्ध्या झालेल्या राशीकडे. त्या दोन माणसांनीही पाहिलं आणि मान फिरवली. तू आरडाओरडा केला असतास तर मी भांडलो असतो. तू फक्त म्हणालास, "सारे वापस ठेव. मी तवर पाणी भरतो."

मी ठेवले. चिखलात हात घालून एकेक काढला, पाण्यात खंगाळला आणि राशीवर ठेवला. तो चपटा दगड मात्र जीपच्या वजनाने पार खाली गेला होता. मी दोनदा ओढला. दुसऱ्यांदा हात सटकला आणि बोटाचं नख अर्ध्यावर फाटलं. झाडांच्या सावल्या रस्ताभर पसरल्या होत्या. मी बुटाने त्याच्यावर चिखल सारला, सपाट केला आणि हात धुऊन वर आलो.

"सारे?" तू विचारलंस.

"सारे," मी म्हटलं.

तू माझ्या बोटातून गळणारं रक्त पाहिलंस. गळ्यातल्या दुपट्ट्याची पट्टी फाडून माझं बोट बांधलंस, घट्ट, आणि मी विव्हळलो तसा हसलास. मग एक दगड शोधून राशीवर ठेवलास आणि आपण निघालो.

आपण वेळेवर पोचलो. सूर्य बुडायला अर्धा तास होता. प्राणहिता काळपट आणि गोदावरी फिकट, दोघींच्या मधली रेघ स्पष्ट दिसत होती, आणि एक कोळी तेलुगूत काही ओरडत जाळं ओढत होता. असा फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. साहेबांनी वाहवा केली. एक प्रत मी स्टुडिओत लावली. पुढचे अडीच महिने तू रोज त्याच्याच खाली बसून चहा प्यायलास. एकदा बराच वेळ मान वर करून पाहत होतास. म्हणालास, "चांगला आला गा. वेळेवर पोचलो म्हनून." मी दुसरीकडे पाहायला लागलो.

चैत्र संपता संपता जीपमध्ये तुझ्यासोबत असलेला खात्याचा नाकेदार हात गळ्यात बांधून स्टुडिओत आला. त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. तोच नाला. तू सिरोंच्याकडे निघाला होतास, चढ चढताना डावं चाक कशावर तरी चढलं, जीप कलली आणि तुझ्या बाजूने खाली गेली. तो बाहेर फेकला गेला. तू नाही. तो पुढेही बोलत होता, पण माझ्या कानात तेवढंच राहिलं. डावं चाक. कशावर तरी.

आता तूच सांग, मी काय करायचं? ज्या माणसाने तुला विचारलं होतं की दगडाने काय होतं, त्याला झोपेत, जागेपणी, डोकं काळ्या कपड्यात असताना एकच दगड दिसायला लागला. माघापासून चैत्रापर्यंत तिकडे पाऊस झाला नव्हता. चिखल वाळून विटेसारखा झाला असणार आणि त्यातून त्या दगडाची कड वर आली असणार. हे गणित मी हजारदा मांडलं. अर्ध्या तासाच्या उजेडासाठी मी तुझ्या वाटेत दगड पुरून आलो होतो. लोक हे म्हण म्हणून बोलतात. मी ते खरंच केलं होतं.

तुझ्या दहाव्याला गेलो. यमुना वहिनी ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्याहिचा फोटो असन ना तुमच्यापाशी? तुमी तं सोबत होता." मी सागाच्या झाडाचा फोटो नेला होता. त्यांनी आधी झाड पाहिलं, मग बुंध्याशी तुला शोधलं. "एवढुसे?" मला जमीन दुभंगावी असं वाटलं. मग त्यांनी तो फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला आणि म्हणाल्या, "तोंड नाई दिसत. पन उभे राह्यले ते तसेच. पाय फाकवून." त्या दगडाचं मी त्यांना काही सांगितलं नाही. मी अजून नक्की काय ते पाहिलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर हिंमत झाली नाही.

पण म्हणूनच पाहायला गेलो. सिरोंच्याकडे बांबू आणायला निघालेल्या एका ट्रकवाल्याने मला पुढे बसवलं. वैशाखाचं ऊन, तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका रस्त्याने चाललेल्या, आणि वळणावरून दिसणारे तुझे माझे डोंगर नुसते करडे, धुळीने भरलेले. मला त्या रस्त्यावर एकही जागा प्रेक्षणीय वाटली नाही. नाला कोरडा पडला होता. ट्रकवाल्याने चढ चढून सावलीत गाडी लावली, भाकर खाण्याआधी खाली उतरला आणि दोन दगड उचलले. एक त्याने जुन्या राशीवर ठेवला. दुसरा तिच्या शेजारी, गुडघ्याएवढ्या एका नव्या राशीवर.

"हे नवी कोनाची?" मी विचारलं, कळत असून.

"कोनी डायवर मेला म्हन्ते इथी."

"वाघानं नेलं काय?"

"नाई. पन डायवर होता ना." तो हात झटकत म्हणाला. मी विचारलं, तुझ्या ओळखीचा होता काय? त्याने नाही म्हणून मान हलवली आणि भाकर सोडायला बसला.

मी त्याची लोखंडी सब्बल मागून घेतली आणि डाव्या चाकोरीशी गेलो. जागा मला अंधारातही सापडली असती. खणायला लागलो. ऊन डोक्यावर, माती खरोखर विटेसारखी. एक खळगा लागला, पाटाएवढा, भुसभुशीत माती भरलेला. त्यात दगड नव्हता. म्हणजे तो निघाला होता. चाकाने उडवला असणार, दुसरं काय. मी तिथेच बसलो.

रस्त्याच्या मुरुमकामावरचा एक म्हातारा, मडावी त्याचं नाव, टोपली बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत होता. जीप ढकलायला आलेल्या त्या दोघांतला एक. त्याने मला ओळखलं होतं. विचारलं, "काय शोधतं बाबू?" मी खळग्याकडे बोट दाखवलं. त्याने हाताने वर खूण केली. नवी रास आणि चाकोरी यांपलीकडे मी पाहिलंच नव्हतं. जुन्या राशीच्या माथ्यावर तो चपटा दगड होता. शेंदूर वरच्या अंगाला, वर नवाही लावलेला.

"तो तं कवाचाच काढला," मडावी म्हणाला. "तुया डायवरनं."

तू काढलास. आपण जाऊन आल्यावर आठ दिवसांनी तुझी पुन्हा सिरोंच्याची खेप होती, ते मला माहीत होतं. तेव्हा तू इथे जीप थांबवलीस आणि सब्बल घेऊन सगळी सकाळ तो दगड खणत बसलास. मडावी मदतीला आला. त्याने तुला विचारलं की हा कोणी टाकून दिला. तू काय उत्तर दिलंस ते म्हाताऱ्याने मला जसंच्या तसं सांगितलं. तू म्हणालास, "माया हातून राह्यला."

मग त्याने मला चढाच्या डाव्या कडेचं मोहाच्या झाडाचं मूळ दाखवलं. माती खचून ते मांडीएवढं वर आलं होतं, आणि त्याची साल चाकाने सोललेली होती. नाकेदाराचं 'कशावर तरी' ते हे. माझ्या दगडाने तुला मारलं नाही, लटारी. हे कळल्यावर मी रडलो, ते सुटलो म्हणून. आणि लगेच लाज वाटली, कारण तू तर गेलेलाच होतास आणि मी माझ्या सुटकेवर रडत होतो.

मग हळूहळू दुसरं ध्यानात आलं. आठ दिवसांनी खणलास, म्हणजे तुला माहीत होतं. कदाचित त्याच संध्याकाळी, माझं बोट बांधतानाच माहीत होतं. राशीच्या माथ्यावरचा शेंदराचा दगड नाही हे न दिसायला तू काही आंधळा नव्हतास. पण तू गाडी थांबवून ठेवली नाहीस, मला माझ्या मावळतीला वेळेवर पोचवलंस. नंतर अडीच महिने त्या फोटोखाली बसून चहा प्यायलास आणि एकदाही तो विषय काढला नाहीस. मी आपणहून सांगेन म्हणून वाट पाहत होतास का? की तुझ्या लेखी ते तिथेच मिटलं होतं? यावर मला तुझ्याशी भांडायचं आहे. असं गुपचूप माफ करणं बरं नव्हे, माणसाला परत काही देता येत नाही, हे मला तुझ्या तोंडावर म्हणायचं आहे. तू नेहमीसारखा 'हो' म्हणून मोकळा होशील, तेही माहीत आहे.

ट्रकवाला निघायची घाई करत होता. मी नाल्यात उतरून एक दगड शोधला, चांगला जड. तो तुझ्या राशीवर ठेवला आणि हात तिथेच राहू दिला. ट्रकवाला विचारत होता, काय बाबू, झालं काय? माझ्या कानात मात्र तुझाच तो एक शब्द होता, माघातला. त्या दिवशी त्याचं उत्तर चुकलं होतं.

"सारे नाई, लटारी," मी म्हटलं. "एक राह्यला होता."